पानावरचा तांबडा ठिपका

आष्टा,
दि. १२ जानेवारी १९९६

प्रिय स्वप्नाआक्कास,
धम्मपालचा सप्रेम जय भीम.

इकडे सर्व ठीक आहे, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. दाजींना मलकापूरचे पाणी आता मानवले असेल.

न्हाणीमागचे टोमॅटो कसे आहेत, असे तू विचारलेस. आक्का, मला त्यांच्याकडे बघवत नाही. पानांच्या पाठीवर हिरवा मावा इतका दाटला होता की पान उलटले की तेच हलल्यासारखे वाटायचे. हाताला चिकट लागायचे. साबणाने हात धुऊनही भाकरीला तो वास येतो असे मला वाटायचे.

अण्णा म्हणाले, तंबाखूच्या पाण्याने मावा मरतो. मला वाटले, तंबाखू उकळून गाळून घेतील. त्यांनी तोंडातली पिचकारीच मारायला सुरुवात केली. रोज सकाळी एकेक फांदी हातात धरून, पानांच्या खालून. देठांवरून ती लाळ ओघळायची. मी तिकडे पाठ करून चहा प्यायचो.

मावा मेला, हे खरे. पण नवी पाने आकसून आली, त्यांच्यावर पिवळी ठिगळे पडली. एक पान मी कागदात गुंडाळून औषधांच्या दुकानात नेले. दुकानदार म्हणाला, हा रोग तंबाखूतून येतो, तंबाखू मळलेला हात झाडाला लागू देऊ नका. मी घरी येऊन तसे सांगितले, तर अण्णा हसले.

"जल्मभर माझ्या तोंडात तंबाखू हाय, मला काय झालं न्हाई. आन् तुझ्या टोमॅटोला रोग व्हय रं? लय नाजूक औलाद."

त्या रात्री आईने पिकलेल्या टोमॅटोची चटणी केली. अण्णांनी पहिलाच घास ताटात थुंकला. मला वाटले, माझ्यावरचा राग काढला. चावलेला घास, लाळ, शेजारी माझे ताट. मी उठून गेलो. आईने ताट उचलले. चटणी त्यांना झोंबली होती, हे तिला ठाऊक होते. ती बरेच दिवस त्यांना दुधात भाकरी कुस्करून देत होती. मला वाटायचे, लाड चालले आहेत.

सकाळी मी रोगट पाने खुडत होतो. एका पानावर तांबडा ठिपका दिसला. नवा रोग समजून बोट लावले, तर तो पुसला गेला. शेजारच्या पानावरही तसेच. आक्का, तुला माहीत आहे, अण्णा पान खात नाहीत. नुसती तंबाखू आणि चुना.

दाढ दाखवायची म्हणून मी त्यांना गावातल्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी बॅटरी लावून गालाच्या आत बघितले. मग मला एकट्याला बाहेर बोलावून म्हणाले, याच आठवड्यात मिरजेला न्या, तुकडा काढून तपासावा लागेल.

अण्णा हटून बसले आहेत. "मिरजंला गेलेलं माणूस गठुळं हून येतं. आन् स्वप्नीला कळवलंस तर माझ्या घरात ऱ्हाऊ नगंस." आईने विनवले, "आवं, पोरगं खरं बोलतंय." तर तिच्याशीही अबोला धरला. आज सकाळी पुन्हा तंबाखू मळत बसले होते.

ते माझे ऐकणार नाहीत, आईचे तर नाहीच. तुला मात्र आजवर त्यांनी नाही म्हटलेले नाही. म्हणून हे पत्र त्यांना न सांगता टाकतो आहे. मिळताच ये. दाजींची रजा निघत नसेल तर एकटी ये.

आल्यावर त्यांचे तोंड तू बघ. मी बघायला गेलो होतो. त्यांनी माझ्यासाठी आ केलासुद्धा, पण तो वास आला आणि मी मागे सरलो. त्यांनी ते पाहिले. तेव्हापासून माझ्याशी बोलताना ते तोंडावर हात धरतात.

आईचा आशीर्वाद. अण्णांचा तू येऊन घे.

तुझा धाकटा भाऊ,
धम्मपाल