चाकं जमिनीला टेकल्यावर

रविवार, जेवणं उरकल्यावर

पन्नाशीला आलेला माणूस बहिणीच्या घरी जाऊन रुसून बसतो, हे बघायचं तेवढं राहिलं होतं. ती बिचारी फोनवर सांगते, दादा कुणाशी बोलत नाही, नुसता पेपर वाचतो. वाच. जावयाचा पेपर आहे, तुला फुकट. माझा फोन उचलत नाहीस म्हणून पेन धरलंय. अक्षर लागत नसेल तर चष्मा पूस.

आता आशीर्वाद. रागात दिला तरी लागतो.

इकडे सगळं ठीक. तुझ्या बायकोची कंबर आणि माझे गुडघे होते तसेच. शेडचं दार तू आपटून गेलास, त्याची वरची बिजागरी निखळली. मी तारेनं बांधलीय.

तुला वाटलं असेल, तू गेलास की तुझी पोरगी गाडीचा नाद सोडेल. खोक्यांतून सुटे भाग आणून घरीच मोटार उभी करायची, हे खूळ तिच्या डोक्यात घातलं कुणी? आता भोग. तिनं मागचे दोन्ही शॉकअप खोलले. त्यांच्या टोकांच्या कड्यांतले रबर पिळून चिरले होते, ते माझ्या हातावर ठेवले. चाकं हवेत लटकत असताना नट करकचून आवळले की रबर तिथंच अडकतं, आणि गाडी खाली उतरली की पिळलं जातं, म्हणाली. म्हणून आधी नुसते हातानं लावायचे. गाडी चाकांवर उभी करायची, आत माणसं बसवायची, मग आवळायचे.

तुम्ही दोघं ते पहिल्यांदा बसवत होतात, तेव्हाही तिला हे ठाऊक होतं. 'बाबा, गाडी खाली घेऊ, मग आवळू,' म्हणाली होती ती. तू म्हणालास, मला शिकवू नकोस. मी दारात शेंगा सोलत होते. गुडघे गेलेत, कान नाही.

मग गाडी उतरवली तर ती कोंबडीसारखी शेपूट वर करून उभी. शेजारचा वेल्डर हसला. त्याच्यासमोर तू म्हणालास, 'पोरीच्या हातात पाना दिला, हेच माझं चुकलं,' आणि दार आपटून चालता झालास.

पाना तुझ्या हातात होता.

तिनं परक्या माणसासमोर बापाला खोटं पाडलं नाही. मलाही बजावलं, आजी, तू मध्ये पडायचं नाहीस. मी हो म्हटलं आणि आता पडतेय. तिला कळलं तर भांडेल, भांडू दे.

परवा तिनं नवे रबर घालून शॉकअप परत चढवले, गाडी जमिनीवर घेतली आणि मला शेजारच्या सीटवर बसवलं, वजनाला. आत शिरताना माझी जी तऱ्हा झाली ती बघायला तू नव्हतास, एवढंच बरं. मी म्हटलं, चालवणाऱ्याच्या जागी वाळूची पोती ठेव आणि आटप लवकर, माझा पाय मुंग्यांनी भरलाय.

गाडीखालून म्हणाली, "तिथं बाबा बसणार. त्यांच्या वजनावरच आवळायचेत."

"आणि नाही आला तर?"

पाना फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तोंडभर काळं. ते पुसता पुसता डोळेही पुसले. मी आरशात बघत बसले.

पोत्यांनी भागलं असतं, हे मला कळतं तर तिला कळत नाही? नट अजून हातानंच लावलेले आहेत. त्या गाडीला कुणी हात लावायचा नाही, असा तिचा हुकूम आहे.

वर सगळं ठीक लिहिलं, ते खोटं. तिला बाहेरगावी नोकरी लागलीय. महिनाअखेरीस जाईल. तुला सांगायचं नाही म्हणालीय. कीव येऊन बाप परत यायला नको, म्हणते. हट्टी आहे. कुणावर गेलीय ते तू ओळख.

तर ऊठ तिथून. माफी मागणं तुला जमायचं नाही, तुझ्या बापालाही कधी जमलं नाही. नुसता त्या सीटवर येऊन बस, आणि पोट आत ओढू नकोस, वजन खरं पाहिजे. पण त्याआधी पाना कुणाच्या हातात होता ते कागदावर लिही. वेल्डरला मी तो पोरीकडून घेऊन वाचून दाखवीन.

तारेनं बांधलेल्या दाराशी बसलेली,
तुझी आई

उत्तर बहिणीकडून लिहून घ्यायचं नाही, बायकोकडे निरोप ठेवायचा नाही, आणि मला तर नकोच. तू लिहायचं, आणि पाकिटावर नाव पोरीचं घालायचं.