फियाटचा लंबा अँटेना

ऋषी,

कोराडीच्या देवीची शप्पथ, यातला शब्दन् शब्द खरा हाय.

सकाळी तुह्या आजोबायनं मले “गोपिका, चाल” म्हणून हाक मारली अन् डॉक्टरकडे जायले स्वतःच चप्पल घातली. शेजारची दामिनी गाडी काढून उभी होती. पण फियाटजवळ जाऊन म्हणतात कसे, “ही आपली गाडी नाही वं बाई. आपल्या गाडीले लंबा अँटेना हाय.”

तू तो काढून काचेच्या आतून नव्या अँटेनाची पट्टी चिकटवली. रेडिओ मस्त वाजून राहिला, खोटं कायले बोलू? पण माणूस बसेचना. मी म्हटलं, “अँटेना चंद्रावर अडकला, काढायले माणूस पाठवला.” तर म्हणे, “मंग तो येऊ दे, मंग बसतो.” दामिनी हसली. मले काही हसू आलं नाही.

आम्ही ऑटोनं चाललो.

जुना अँटेना फेकला नसशील तर आजच लाव गा. तार नको जोडू, नुसता उभा कर. तुह्यावर राग नाही. पण आता तेवढाच त्यायच्या ओळखीचा उरला होता.

भात कुकरमधी हाय.

आजी

अन् ते “गोपिका” म्हणून हाक मारली, तेवढं मी मनचं लिहिलं.