नील बेटावरची शांतता

नील बेट, अंदमान

राजूआक्का, धाकट्या केदारीचा पाया पडून नमस्कार.

मी खुशाल आहे. सोबतचे मित्र वडगावला परतले, मी मात्र इथंच राहिलोय. एका बंगाली मावशींच्या घरी उतरलोय. सकाळी समुद्रात डुंबायचं, दुपारी मासे-भात खाऊन नारळाखाली पडायचं, दुसरं काम न्हाय. आपल्या यंत्रमागांची खडखड न्हाय, त्यामुळं लई शांत वाटतं. आईचे गुडघे कसे आहेत? तिला सांग, मी पोटभर जेवतो.

एक गोष्ट फक्त तुला सांगतो. परवा मी झाडाखाली बसलो होतो. वर गडी नारळ पाडत होता, ते मला ठाऊक नव्हतं. मावशी धावत आल्या आणि त्यांनी मला हाताला धरून ओढलं. मी बसलो होतो तिथंच नारळ पडला.

"एवढी ओरडत होते, ऐकलं नाहीस?" त्या म्हणाल्या.

मला खरंच काही ऐकू आलं नव्हतं. मग त्यांनी वर बोट दाखवून विचारलं, "हे पक्षी तरी ऐकू येतात का?" पक्ष्यांच्या चोची नुसत्या हलताना दिसत होत्या. मला वाटायचं, बेटच शांत आहे.

आप्पांना ऐकू येईना झालं, तेव्हा आपण वय झालं म्हटलं. माझं तर अजून लग्न व्हायचंय, आक्का.

तूही दिवसभर मागाजवळ असतेस. मी आलो की दोघं मिळून कॅम्पातल्या कानाच्या डॉक्टरकडं जाऊ. आप्पांना इतक्यात सांगू नकोस, जिवाला लावून घेतील.

आणि फोन करू नकोस, लिहूनच पाठव. फोनवर तू काय बोलतेस ते मला कळत न्हाय गं. मी नुसतं व्हय, व्हय म्हणत असतो.

तुझाच,
केदारी