सात मांड्यांचं रिमिक्स

मेहरूण, जळगाव
आखाजीच्या आधीचा सोमवार

ती. भागाफुई,

समाधानचा तुझ्या पायांवर माथा. (समोर असतो तर तू पाय ओढून घेतले असतेस, हे मला ठाऊक आहे. पत्रातून पाय ओढता येत नाहीत, टपालाचा एवढा एकच फायदा आता उरला आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेलं तेल लावतेस की त्यानेही दिव्याची वात भिजवतेस? म्हैस दूध नीट देते ना, आणि धार काढताना तू गातेस ते ती अजून कान टवकारून ऐकते का? इकडे माझी प्रकृती ठीक आहे. फक्त डाव्या कानात सकाळ-संध्याकाळ गिरणी चालल्यासारखा आवाज येतो. त्याचं कारण पुढे येईलच. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितो आहे. ते तुला तुझी नात ऋतिका वाचून दाखवेल, तेव्हा ऋतिकाला एक सूचना: कंसातलं माझ्या मनातलं असतं, ते मोठ्याने वाचायचं नाही. (वरचा कंस वाचून झाला असेल तर खोकून वेळ मार.)

फुई, आपला भाचा जळगावात एम.कॉम. करतो असं तू गावभर सांगतेस. ते खरंच आहे, पण ते सकाळी. दुपारी मी मनन सरांच्या क्लासला जातो. कॉम्प्युटरवर संगीत तयार करायला शिकवतात तिथे. ढोलकी नाही, पेटी नाही, कुणाला गळा नाही. सगळं सॉफ्टवेअरमधून निघतं. मनन सर माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे आहेत. त्यांच्या घराण्याचं कापडाचं दुकान आहे आणि क्लासची जागा त्यांचे आजोबा दलिचंदशेठ यांच्या मालकीची. असल्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची जगभर पद्धत आहे. सरांनीही आणले. दलिचंदशेठ जिना चढून वर आले, भिंतीकडे एकदा पाहिलं आणि खाली गेले. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही म्हणतात. आता भिंतींना सफरचंदाच्या पेट्यांमधले पुठ्ठे आहेत. त्यांनी आवाज काडीचाही अडत नाही, पण धर्म टिकला.

खोलीच्या बरोबर खाली पिठाची गिरणी आहे. सर डोळे मिटून सांगतात, बेस कानाने ऐकायचा नसतो, छातीत जाणवला पाहिजे. आम्हालाही तो जाणवत असे. मग एकदा गिरणीचा पट्टा तुटला आणि कळलं की क्लासमधल्या एकाच्याही गाण्यात बेस नव्हता. इतके दिवस आम्ही ज्वारीच्या दळणावर माना हलवत होतो. माझे सोबती तर विचारूच नकोस. गाणं यायच्या आधी प्रत्येकाचं नाव तयार असतं आणि नावाच्या आधी डीजे असतं. सात सुरांपैकी पाच कोणते असं विचारलं तर घाम फुटेल, पण टोपी उलटी घालता येते. (मी स्वतः डीजे सॅम आहे. पण ते नाइलाजाने. समाधान नावाच्या माणसाच्या गाण्यावर कोण नाचणार?)

तर या मनन सरांनी फर्मान काढलं की, मातीतला आवाज आणा, सध्या त्याला फार मागणी आहे. (सरांचे पाय आयुष्यात मातीला लागलेले नाहीत, दुकानातून गाडीत आणि गाडीतून दुकानात.) माझ्या फोनमध्ये रूपाताईच्या लग्नातलं तुझं रेकॉर्डिंग होतं. पंगत बसली होती, सावद्याचे व्याही मांड्यांवर तुटून पडले होते, आणि तू मांडवाच्या खांबाला टेकून ताईच्या सासूला गाळ घातलीस:

लताबाई इहीनले आज उपास शे,
सात मांडा खादात, आठवाना ध्यास शे.

गाळ म्हणजे शिवी नव्हे, हे समजावताना माझा एक अख्खा तास गेला. मुलीकडच्या बायकांनी भर पंगतीत विहिणीचं नाव घेऊन तिची फजिती करायची, तिने पदराआड हसायचं, शेवटी तिच्या कौतुकाचं गोड कडवं म्हणून तिची ओटी भरायची, की गाळ तिथेच संपली, एवढं साधं. सरांनी विचारलं, मांडा म्हणजे काय. आता सांग, जळगावात जन्मलेल्या माणसाला खापरावर भाजलेला पुरणाचा मांडा माहीत नाही. तो ताटात मावत नाही, ताटाबाहेर लोंबतो, एक खाल्ला तर माणूस दुपारभर आडवा होतो आणि सात खाल्ले तर त्याला टेम्पोतून दवाखान्यात न्यावं लागेल, हे मी त्यांना हातवारे करून सांगितलं. ते म्हणाले, ओके, पुरी.

आता स्पष्ट बोलतो, रागावू नकोस. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर उभ्या रेघा असतात आणि प्रत्येक ठोका रेघेवर पडावा लागतो. तुझा एकही पडला नाही. तू मनाला येईल तिथे थांबतेस, मध्येच वाढणाऱ्याला ‘तिकडे भात दे’ म्हणतेस आणि पुन्हा गायला लागतेस. (तो ‘भात दे’ मी ठेवला आहे. लोकांना तोच जास्त आवडतो.) मी तुझे तुकडे केले आणि एकेक ओढून रेघेवर बसवला. ‘आठवाना’ एवढाच शब्द पुन्हा पुन्हा घेतला, तो हळूहळू जलद होत जातो, मग क्षणभर सगळं शांत, आणि मग धडाम. शेवटचं गोड कडवं संथ होतं. गोडव्यावर वरातीत कोण नाचतं? ते कापलं.

हे गाणं मी झुलालभाऊला दिलं. झुलालभाऊ म्हणजे स्पीकरची भिंत रचलेला टेम्पो आणि त्याच्या टपावर गॉगल लावून बसलेला माणूस. त्याला उजव्या कानाने ऐकू येत नाही आणि डाव्या कानाने तो फक्त स्वतःचं नाव ऐकतो. बोदवडच्या एका लग्नात त्याने ते वाजवलं आणि वरात अर्धा तास एका जागेवरून हलली नाही. मला त्याचं कौतुक नाही. आपल्याकडे लोक गाण्यावर नाचतच नाहीत, आवाजावर नाचतात. त्याच वरातीत गाणं संपल्यावर नुसता जनरेटर चालू होता, तरी चारजण त्यावरही नाचत राहिले, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. झुलालभाऊने ते गाणं तालुक्यातल्या यच्चयावत टेम्पोवाल्यांना वाटलं, आणि वाटण्याआधी दर ओळीनंतर स्वतःचं नाव घातलं. लताबाई इहीनले, डीजे झुलाल, आज उपास शे, डीजे झुलाल. माझं नाव कुठेही नाही. मेहनत माझी, गळा तुझा, आणि मधल्या मध्ये मोठा झाला तो बहिरा माणूस. म्हणून मी फोनच्या स्टेटसला तुझा फोटो टाकला आणि खाली लिहिलं: आवाज माझ्या फुईचा, निर्मिती डीजे सॅम. (फोटो हळदीचा आहे, मिसरी लावतानाचा. दुसरा नव्हता.)

यापुढचं तुला गावात लोकांनी तिखटमीठ लावून सांगितलंच आहे, मी मीठ तेवढं काढून सांगतो. सावद्यात कुणाची तरी वरात लताबाईंच्या दारासमोर थांबली. लताबाई वरातीला पाणी द्यायला कळशी घेऊन बाहेर आल्या. बायकांनी ओढलं, म्हणून पदर खोचून रिंगणात उतरल्या. गाण्यात आपलं नाव आलेलं त्यांनी ऐकलं. त्यांना वाटलं टेम्पोवाला मान देतो आहे, म्हणून हात वर करून त्यांनी आणखी एक गिरकी घेतली. तेवढ्यात सात मांडे आले. त्या थांबल्या, पण गल्ली थांबली नाही. आता त्या भाजी घ्यायला निघाल्या तरी पोरं लांबून सात बोटं दाखवतात. त्यात आपल्या अमृतदाजींनी भोळेपणाने स्वतःच्या आईला, म्हणजे लताबाईंनाच, माझं स्टेटस दाखवलं. (दाजी स्वभावाने चांगले आहेत. केळी मोजणाऱ्या माणसाकडून याहून जास्त अक्कल मागू नये.) त्याच संध्याकाळी ताईला निरोप मिळाला: या वर्षी आखाजीला माहेर नाही.

फुई, इथे मात्र मी गंमत करत नाही. आई गेल्यापासून रूपाताईचं माहेर म्हणजे तुझं घर. लग्नानंतरची पहिली आखाजी, अक्षय्य तृतीयेला निंबाला झोका बांधलेला, गावच्या सगळ्या मुली माहेरी आलेल्या, आणि आपली तेवढी सावद्यात. ताईने मला फोन करून एक शब्द सुनावला नाही, नुसती रडली. मला ते अजिबात सहन झालं नाही. तू तरी काही बोलशील म्हटलं, तर तू फोन बंद करून ऋतिकाकडून एकच निरोप पाठवलास: “गाळ दिधी ते तोंडबी गोड करनं पडस. तू गोड तेवढं कापी टाकं.”

म्हणून मी सावद्याला गेलो. लताबाईंनी मला ओट्यावर बसवलं, बरी आहे का भागाबाई एवढंही विचारलं नाही, आणि माझ्यासमोर केळी ठेवली. सात. मी पाहुणचार समजून एक खाल्लं आणि उठू लागलो, तर त्यांनी नुसती मान हलवली. सातही खाल्ली. मग त्यांनी आठवं पुढे केलं. गल्लीतली पोरं ओट्याखाली जमली होती आणि मोजत होती. (अजूनही मला केळीच्या गाडीमागून स्कूटर चालवता येत नाही.) त्यानंतर बोलणं झालं आणि प्रकरण मिटलं. ताई आखाजीला येते आहे. तू काळजी करू नकोस, झोक्याचे दोर तपासून घे आणि खापर उतरवून ठेव.

बाकी सगळं ठीक. मनन सर आता म्हणतात, कोळ्यांची गाणी आणा. त्यांना तापी दाखवावी असा विचार आहे, तिथे तरी पाय मातीला लागतील. ऋतिकाला अभ्यास कर म्हणावं आणि डीजे होऊ नकोस म्हणावं.

तुझा,
समाधान

ता.क. प्रकरण मिटलं असं वर लिहिलं आहे, ते मिटत आलं आहे असं वाचावं. लताबाईंची एक अट आहे. त्या म्हणाल्या, “मले माफी नको. माफीवर कोनी नाचते का? मले माही गाळ पायजे.” तर त्यांनी तुझ्यावर रचलेली गाळ मी त्याच चालीवर, त्याच धडामसकट तयार करायची, आखाजीला झुलालभाऊच्या टेम्पोने ती तुझ्या दारात वाजवायची, आणि तू कळशी घेऊन बाहेर येऊन एक रिंगण नाचायचं. टेम्पोच्या पुढच्या सीटवर स्वतः लताबाई असतील आणि शेजारी ताई. तू नाचलीस की ताई खाली उतरणार.

ता.क. २. गाळ तयार आहे. लताबाई मांडीवर थाप मारत गायल्या आणि त्यांचाही एकही ठोका रेघेवर नाही, म्हणजे तुम्ही दोघी इहिणी शोभता. शब्द आधीच सांगून ठेवतो, म्हणजे दारात तुझ्या हातून कळशी सुटायची नाही:

भागाबाई इहीन मोठी गानारीन हाये,
गोठ्यातली म्हैस तिची ऐकनारीन हाये.

(म्हशीचं त्यांना कुणी सांगितलं ते विचारू नकोस. आठवं केळं समोर होतं.)

ता.क. ३. आता मुख्य काम. गाळीनंतरचं गोड कडवं म्हणायला लताबाईंनी साफ नकार दिला. त्या म्हणाल्या, ते भागाबाईचंच लागेल, तुमच्या मांडवात तिने म्हटलं होतं तेच, अख्खं, आणि त्याच्यामागे ढोल वाजला तर टेम्पो परत सावद्याला वळेल. ते माझ्याकडे नाही. फोनमध्ये जागा कमी पडत होती म्हणून मी ते पुसून टाकलं. ‘इहीन मनी साखरनी पुडी’ एवढंच आठवतं, पुढचं मी तेव्हा ऐकलंच नव्हतं. तेव्हा ऋतिकाच्या फोनवर ते म्हणून पत्र मिळेल त्याच दिवशी पाठव. तुला हवं तिथे थांब, मध्ये कुणाला भात वाढायला सांगायचा असेल तर सांग, मी कुठेही कात्री लावणार नाही. तू माझ्याशी बोलू नकोस हवं तर, नुसतं गा.

(ऋतिका, हा कंस मात्र मोठ्याने वाच, आणि आजी उठून आत गेली तर दारात उभी राहून वाच: फुई, ताईला आण.)