दीक्षाच्या सोमवारच्या दांड्या

घणसोली गाव,
ता. १६ सप्टेंबर, मंगळवार

किसन,

नाही रे बाबा, रडत-बिडत नाही तुझी दीक्षा. कुनी सांगितलं तुला? आन "आक्का, खरं सांग" म्हनून मला दम काय देतोस? तुझा शेंबूड मी पुसलाय. बघ, तुझ्या पायी जय भीम लिहायचं राहिलं. जय भीम. सरस्वतीला पन जय भीम सांग. तिचा गुडघा कसा हाय? तेल चोळती का नुसती बाटलीकडं बघती?

फोन सोडून कागदावर लिहायली, कारन तू फोन स्पीकरवर टाकतोस आन निम्मी गल्ली ऐकती. वर मी एक बोलले की तू चार बोलतोस. कागदात तुला मधी तोंड घालता येत नाही. शेजारचा आकाश उद्या आपल्या गावाकडं निघायलाय, त्याच्या हाती देते. तू शनिवारी गाडीत बसायच्या आत तुला भेटंल. बसूच नको म्हनून तर लिहायली.

तुझ्या मोबाईलवर कॉलेजचा मेसेज आला. दीक्षा सोमवारच्या प्रॅक्टिकलला नसती, असंच चाललं तर परीक्षेला बसू देनार नाहीत. बरं, आला मेसेज. म्हनून तू लगेच पोरीचं सामान बांधायला निघालास? "हॉस्टेलात तिचं मन लागंना, घरी आनतो, हिंगोलीच्या कॉलेजात घालतो." तिला विचारलंस का एकदा तरी? बारावीला मार्क पडले तवा गल्लीभर पेढे वाटत फिरला होतास. आता एका मेसेजनं ते सगळं विसरलास?

आन रडन्याचंच म्हनशील तर खारघरला हॉस्टेलच्या गेटवर कोन रडलं ते मी बघितलंय. पोरगी गादी उचलून टनाटना जिना चढली. तू तोंड फिरवून उभा. वर मला म्हनतोस, आक्का, इकडं लई धूळ हाय. होय बाबा, तुझ्याच डोळ्यापुरती होती.

माझ्यावर चिडून उपयोग नाही. लोकल गार्जियन म्हनून माझं नाव तूच दिलंस. आता दर शनिवारी वॉर्डनबाईचा फोन येतो, "दीक्षा तुमच्याकडे येतेय ना?" मी हो म्हनल्याशिवाय पोरीला गेटच्या बाहेर सोडत नाहीत. सातवी शिकलेल्या बाईला एवढा मान कुनी दिला नव्हता. एकदा मी मुद्दाम म्हनलं, "कोन दीक्षा?" बाईची बोबडी वळली! दीक्षा आली ती फुगूनच. "आत्या, तू पुन्हा असं केलंस ना, तर मी येनारच नाही." जेवायला बसली तवा हसली एकदाची.

पन वैताग आलाय मला सगळ्याचा. तुझा, त्या वॉर्डनबाईचा, त्या कॉलेजचा. सोमवारी सकाळी आठला प्रॅक्टिकल ठेवायला काय झालंय? मंगळवार काय मेला होता? पोर दोन रात्री माझ्याकडं निवांत झोपती, तर सोमवारी अंधारात पळायचं. कुठं तर म्हने पानं कापून दुर्बिनीखाली बघायला.

तिची रूममेट शायमा, म्हसळ्याची. लई चुणचुणीत. घरून सुकटीची चटनी आनती, दोघी मिळून मेसच्या भातावर घालून खातात. गेल्या शुक्रवारी दीक्षाचा फोन. "आत्या, ह्या रविवारी येत नाही. सगळ्या पोरी डोंगरावर झाडपाला गोळा करायला जानार हायेत." मी म्हनलं, जा की. मी कुठं आडवी आले? फक्त म्हनलं, जरा पाठ धरलीय. शनिवारी दुपारी हजर झाली, बाम घेऊन. मी काय ये म्हनलं नव्हतं तिला.

तू म्हनशील, आक्का, तुला कशाला पाहिजे ती दर आठवड्याला? अरे, खोलीत मानसाचा आवाज नको का? तुझे दाजी होते तवा भांडायला तरी कुनी होतं. टीव्ही लावते, पन टीव्ही उलटं बोलत नाही. दीक्षा बोलती. भाजीत मीठ कमी हाय म्हनती, आत्या तुझं घोरनं ट्रकसारखं हाय म्हनती. एकटीपुरती भाकरी थापायची तर पीठ मळायचाच कंटाळा येतो. गेला आठवडा मी चहा-बिस्किटावरच काढला. हे सरस्वतीला सांगू नको, उगं जीव टाकंल.

रविवारी त्या शायमाचा फोन आला मला. "आत्या, तुमी दीक्षाला सोमवारी लवकर का नाही पाठवत? मॅडमनी तिचं नाव बोर्डावर लावलंय." मी तिलाच झापलं. म्हनलं, तू डोंगरावर जा, पानं तोड, माझ्या घरात नाक खुपसू नको. पोरगी "बरं आत्या" म्हनली. एवढ्यानंच मला लाज वाटली.

आन काल सोमवार. उनं खोलीत आली तवा दीक्षा धडपडून उठली. "आत्या, उठवलं का नाही मला?" मी म्हनलं, अगं, झोपेत किती गोड दिसत होतीस. ती हसली नाही. चहा तसाच ठेवला. उंबऱ्यात बसून सँडल घालायली आन खाली बघूनच म्हनली, "आत्या, पप्पा मला न्यायला येनारेत. मला नाही जायचं. मला इथं शिकायचंय. पन मलाच जाग येत नाही तर मी कुनाला काय सांगू?" आन गेली. मागं वळून बघितलं नाही.

तर किसन, आता नीट वाच. तू येऊ नको. शनिवारी वॉर्डनबाईचा फोन आला की मी सांगनार, दीक्षा येनार नाही. पोरगी रुसंल, रुसू दे. पोरीचं मन तिथं लागलंय, लई लागलंय, आन तिला झोपाळू म्हनू नको. सोमवारी पहाटंचा गजर लावून, मोबाईल उशाशी ठेवूनच झोपती ती. तो वाजायच्या आधी मी उठते आन बंद करते. दर सोमवारी. कसा बंद करायचा ते तिनंच मला शिकवलं, आन तिला अजून माहीत नाही.

तुझी आक्का,
बयाबाई