कुंडाकाठचा फोटो

दादा,
वर ‘तीर्थरूप’ लिहायला हात वळत नाही.

एका दिवसात आईला संग्रहालय, जुना राजवाडा आणि गरम पाण्याचं कुंड दाखवलंस, म्हणून सगळ्यांपुढे मिरवलास. संग्रहालयात तिला बाकावर बसवून तुम्ही नवराबायको आत फिरलात, राजवाड्यात फोटोपुरती उभी केलीत, तेही सोडते. पण कुंडावर वहिनी फोटो काढतेय म्हणून आईचे पाय धरून कढत पाण्यात बुडवलेस? आधी स्वतःचं बोट घालून पाहायचंस की! मधुमेहाने तिची पावलं बधिर झालीत, हे तुला कुठून कळणार? फोनवर तुझं एकच पालुपद, “बरी आहेस ना?”

तू विमानात बसलास आणि इथे मी तिचे मोजे काढले. दोन्ही तळव्यांना टरारून फोड आले होते. काल ड्रेसिंग करताना मी चिडून विचारलं, “अगं, वाफा दिसत नव्हत्या का?”

“दिसत होत्या की. पण त्याने माझे पाय हातात घेतले होते गं. ओढून कसे घेऊ?”

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचलंस तर फोन करून ढसाढसा रडशील, आणि ती तसल्या पायांनी उठून तुझीच समजूत काढत बसेल.

नाइलाजाने तुझीच,
बहीण