पाळकसाहेब घरभेटीला गेले

माय,
पायावर डोकं ठेवतो. पंधरा दिवस झाले, उद्या लिहू, उद्या लिहू करत राहिलो. फोन मुद्दाम केला न्हाई, आवाजावरून तू ओळखलं असतंस.

मी बरा हाय. परभणीत आपल्या पाळकसाहेबांपाशीच राहतो. मी पोटात आडवा होतो तवा ज्यांनी चिखलातून बैलगाडीत तुला दवाखान्यात नेलं, तेच. तू गुडघ्याला तेल लावतीस का?

खरं सांगू, लय भीती वाटायलीय. चर्चमधून निवृत्त होऊन साहेबांना पंधरा वर्षं झाली, आता काही ध्यानात राहत न्हाई. तरी बायबल काखेत मारून घरभेटीला निघतात. कुणाच्याही घरी आजार असो, जात न बघता चाळीस वर्षं गावोगाव गेले ना. आज सकाळी त्यांच्या गोळ्या आणायला गेलो अन् वाटेत कुस्त्या बघत उभा राहिलो. आलो तर दार उघडं, साहेब न्हाईत. स्टँड, चर्च, दवाखाना पालथा घातला. चार वाजलेत. उन्हात कुठं पडले असतील तर तुला तोंड कसं दाखवू?

थांब, दारात कुणी तरी आलंय.

माय, पोखर्णीच्या कस्तुराबाई आल्यात, एसटीनं, एकट्या. म्हणल्या, "लेकरा, साहेब माझ्या घरी हायेत, सून बसलीय जवळ. आमच्या आजारी मालकासाठी प्रार्थना करायला आलेत."

बाईंचा नवरा वारून वीस वर्षं झाली. तवा साहेब नऊ दिवस उशाशी बसले होते.

"मग तुमी काय सांगितलं?"

"म्हणलं, तुमच्या प्रार्थनेनं बरे झाले. शेतात गेलेत."

निघतो.
तुझा मल्हारी